मागं न वळलेली बाई

१

निवळेवाडीच्या शाळेत धुरपदाबाई अकरा वर्षं खिचडी शिजवत आली, आणि तिच्या खिचडीला नाव ठेवणारं माणूस त्या गावात अजून जन्माला यायचं होतं. पेडगावपासून आत तीन किलोमीटरवर हे गाव. शाळा पाचवीपर्यंत, पटावर त्रेसष्ट लेकरं. दिवाळी सरली की ऊस तोडायला अर्धं गाव ट्रकात बसून निघून जातं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आजी बिचारी सकाळी दोन भाकरी थापते आणि त्यावरच दिवस ढकलते. तेव्हा दुपारचं शाळेतलं ताट म्हणजे निम्म्या लेकरांचं दिवसभरातलं एकच पोटभर जेवण. सरकारच्या कागदावर त्याला पोषण आहार म्हणतात. धुरपदाबाई त्याला नुसतं जेवण म्हणायची.

जानेवारीतला मंगळवार होता. बाईनं पातेल्याचं झाकण काढलं, डावानं ताट बडवलं आणि नेहमीसारखी हाळी दिली, "या रे, या! उशीर केला तर मी खाऊन टाकीन!"

रांग आली, पण गलका आला नाही. एरवी त्रेसष्ट पोरं म्हणजे कावळ्यांची शाळा. आज सगळी गपगुमान. रांगेत पुढं भक्ती, तिसरीतली. आईबाप उसाला गेलेले, आजीपाशी राहायची. ताट पुढं करायचं सोडून तिनं ते छातीशी धरलं होतं.

"मावशी, तुमी मागं काहून वळलात?"

"कुठं गं?"

"तिठ्यावर. दृष्ट टाकल्यावर."

धुरपदाबाई हसली. "मी वळतच नसते, माय. दृष्ट टाकून मागं वळायचं नसतं, हे तुज्या आजीलाबी माईत हाय."

"वळलात. आमी बघितलं मोबाइलमदी," भक्ती म्हणाली, आणि तिच्यामागची सगळी रांग एक पाऊल मागं सरकली.

त्या दिवशी चाळीसच पोरं जेवली. उरलेली खिचडी पातेल्यात थिजून बसली आणि धुरपदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

२

आता तिठ्यावरची ती गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही उमजायचं नाही.

गावात कुणाचं तान्हं किरकिरलं, कुणाची गाय आटली की लोक धुरपदाबाईला बोलावत. ती मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या मुठीत घेई, लेकरावरून सात वेळा उतरवी, तोंडानं पुटपुटे, "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची." मग गावाबाहेरच्या तिठ्यावर विस्तव नेऊन त्यात मूठ टाकी आणि मागं न बघता घरी येई. मिरच्यांचा ठसका आला तर दृष्ट साधी. ठसका आलाच नाही, तर मोठी लागली म्हणायची. आता ह्यात खरं किती नि खोटं किती, ते ज्याचं त्यानं बघावं. लेकरं झोपत होती एवढं खरं.

गावात गोपीचंद नावाचा एक बहाद्दर होता. आधी लग्नांचं शूटिंग करायचा. आता त्यानं 'काळजाचं पाणी' नावाचं चॅनेल काढलं होतं आणि त्यावर भुताचे पिक्चर टाकायचा, पाच-पाच मिनिटांचे. कधी विहिरीतली बाई, कधी कापसाच्या पडक्या जिनिंगमधला माणूस. तो धुरपदाबाईच्या मागंच लागला.

"मावशी, फकस्त एक सीन. तुमी दृष्ट काढायची, बास."

"आन् लोक कशाला बघतील रे ते?"

"भ्याव पायजे लोकांला, मावशी. रडायचं घरोघरी हाय, हसायचं पारावर फुकट मिळतंय. भ्याव तेवढं मोबाइलातच घ्यावं लागतंय."

बाईला हसू आलं आणि हसण्याच्या नादात ती हो म्हणाली. भर दुपारी तिठ्यावर गेले दोघं. गोपीचंदनं मोबाइल तिपाईवर लावला. बाईनं गोवरीचा विस्तव मांडला, मूठ भरली आणि अडली.

"काढू कुणाची? लेकरू कुठंय? रिकाम्या हवेची दृष्ट काढत नसतात."

"काढा की कुणाचीबी! नाटक तर हाय."

नाटक म्हणे. धुरपदाबाईला नाटकातसुद्धा खोटी मूठ टाकवेना. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि तिला गंमत सुचली. "ह्याचीच काढते," ती म्हणाली, "दिवसभर समद्या मुलखाच्या नजरा ह्याच्यावरच तर असत्यात." आणि तिनं मूठ त्या मोबाइलवरून सात वेळा उतरवली. आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची. मग मूठ विस्तवात टाकली.

मीठ तडतडलं. मिरच्या काळ्या पडल्या, जळून गेल्या. ठसका आला नाही. जराही नाही. गोपीचंद विस्तवावर वाकून मोठ्यानं श्वास घेत हसला, "बाबौ! मोबाइलला लय मोठी लागलीय की!"

धुरपदाबाई हसली नाही. ती गावाकडं चालायला लागली. मागून तो ओरडत होता, "वळा मावशी! एकदाच कॅमेऱ्याकडं बघा!" तीनदा ओरडला. ती वळली नाही. ताठ मानेनं घरी आली आणि पायांवर पाणी घेऊन आत गेली.

३

तिचा नवरा आसाराम गेल्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर असताना ट्रकाच्या फळीवरून पडला होता. कंबर कामातून गेली, तेव्हापासून बाज आणि मोबाइल. मंगळवारी घरी आल्याआल्या धुरपदाबाई म्हणाली, "अवं, दावा बरं ते काय हाय ते."

आसाराम तिच्याकडं न बघता म्हणाला, "कशाला बघायलीस? ऱ्हाऊ दे."

"दावा म्हणते ना!"

एक मिनिट बारा सेकंदांचा तुकडा होता. तिठा, विस्तव, तिची पाठमोरी आकृती. हिरवं लुगडं, खांद्यावर घट्ट ओढलेला पदर. चालली, चालली. सात पावलं, आठ पावलं. नवव्या पावलाला मोबाइलातली बाई थांबली.

धुरपदाबाईला चांगलं आठवत होतं, ती थांबली नव्हती.

मोबाइलातली बाई सावकाश मागं वळली आणि हसली. नाक तिचंच होतं, कपाळावरचं गोंदणही तिचंच. हसूसुद्धा वाईट नव्हतं हो! ओळखीच्या लेकराला बघून हसावं तसं साधं हसू होतं. तेच बघवत नव्हतं.

बाईनं तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. ह्या वेळी तिनं गालावरचा तीळ पाहिला. तीळ होता तो त्याच बाजूला, ज्या बाजूला तिला तो रोज आरशात दिसायचा. फोन कधीकधी उलटं दाखवतो, असं तिनं ऐकलं होतं. पण मग तिठ्यावरचा कडुनिंब उलटा का नाही? तो तर जिथल्या तिथं, रस्त्याच्या उजव्या अंगाला उभा होता. म्हणजे नुसतं तोंडच तेवढं आरशातलं. ते तोंड तिच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मी न्हाई वळले," ती म्हणाली.

"मंग कोण वळलं?" आसाराम म्हणाला. तिच्याशी बत्तीस वर्षं संसार केलेला माणूस. मग त्यानं विचारलं, "धुरपदे, ती वळल्यावर माझं नाव कशापायी घेती?"

"कुठं नाव घेतलं? नुसतं मीठ तडतडायलंय."

आसारामनं मोबाइल उशीखाली ठेवला आणि बाज जरा भिंतीकडं ओढून घेतली.

४

बाई तशीच तणतणत गोपीचंदच्या दुकानावर गेली. "आरं मुडद्या, काय केलंस हे? माझं तोंड कुठून आणलंस?"

गोपीचंद शपथा घ्यायला लागला. त्यानं तिला आत बसवलं आणि काँप्युटरवर मूळचं शूटिंग लावलं. "हे बघा मावशी, मी टाकलेलं हे असं होतं." तिठा, विस्तव, पाठमोरी धुरपदाबाई. चालत चालत बांधाआड दिसेनाशी झाली. वळणं नाही, थांबणं नाही. बाईला इतकं बरं वाटलं की ती खुर्चीत मागं रेलली. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं तिचं.

"मंग ते कुणी केलं?"

"ॲप निघालेत आता. मेलेल्या माणसाला बोलायला लावत्यात, वळवायला काय लागतंय? कुणीतरी केलं आन् सोडून दिलं. पर मावशी, साडेतीन लाख लोकांनी बघितलं! दुसरा भाग काढला तर..."

"दुसरा भाग तुज्या मढ्यावर काढ! आधी हे काढून टाक."

"मी काढलं तरी काय व्हतंय? फोनाफोनात गेलंय ते. लोक भेत्यात, आन् भेलेलं माणूस एकटं भीत नसतंय, मावशी. धा जणांला पाठवतंय."

हे बोलणं चालू असताना मूळचं शूटिंग पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत होतं. चौथ्या की पाचव्या खेपेला धुरपदाबाईचं तिकडं लक्ष गेलं. तिची पाठ बांधापर्यंत पोचली नव्हती. नवव्या पावलाला थांबली होती. नुसती थांबली होती, बाकी काही नाही. पदर वाऱ्यानं हलत होता.

ते दोघांनी पाहिलं. गोपीचंदनं वायरच ओढली. "लाईटचा प्राब्लेम हाय सकाळपासून," तो म्हणाला, आणि वायर गुंडाळून टेबलाखाली टाकली. एवढं होऊनही त्यानं व्हिडिओ काढून टाकला का? नाव नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बघणारे साडेचार लाख झाले होते.

५

बुधवारी एकवीस पोरं जेवली. गुरुवारी बारा.

गुरुवारी दुपारी ती गल्लीतून घरी यायला निघाली तर उन्हात चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं लोटलेली. आणि लोटलेल्या दारांआडून तिचा स्वतःचा आवाज येत होता. ह्या घरातून, त्या घरातून, मागंपुढं. आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची. मग मीठ तडतडायचं. मग घरातलं कुणीतरी दचकल्यागत श्वास ओढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. भीत होते आणि पुन्हा लावत होते, पुन्हा भीत होते. धुरपदाबाईनं पदर कानांवर ओढला. आयुष्यभर ज्या तोंडानं ह्यांच्या लेकरांसाठी पुटपुटली, त्याच तोंडानं आता त्यांना धाक घातला जात होता, आणि ते चवीनं ऐकत होते.

भक्तीची आजी लक्ष्मीबाई दारात उभी होती. तिनं मोबाइल पुढं केला. "राजेश्रीचा फोन हाय. तुज्याशी बोलायचं म्हणती."

राजेश्री म्हणजे भक्तीची आई. कर्नाटकाच्या हद्दीवर कुठंतरी उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत राहत होती. तिचा आवाज रडून बसला होता.

"धुरपदामावशी, तुमच्या पाया पडते, माज्या लेकराला ताट वाढू नका."

"आगं राजेश्री, तुजी लेक जन्मली तव्हा पयली दृष्ट मी काढली. विसरलीस?"

"न्हाई विसरले. पर काल आमच्या कोप्यावर समद्यांच्या फोनावर आलंय. त्यात तुमी हितं हायत, मावशी. मागं ऊस हाय. आमचा फड हाय तो, मला बांध वळखू येतो. तुमी वळलात आन् माझ्या भक्तीचं नाव घेतलंत."

धुरपदाबाईनं तो फड जन्मात पाहिला नव्हता. ॲप, ती मनात म्हणाली. ॲपच असणार. पण मग फडावरच्या बाईला भक्ती ऐकू येते, आसारामला आसाराम, आणि मला एकटीला मीठ तेवढं? असलं कसलं ॲप, जे माणूस बघून बोलतं?

शुक्रवारी परभणीहून एक मोबाइलवरचा बातमीवाला आला. शाळेच्या फाटकाशी उभा राहून ओरडला, "ही बाई खरंच बाई आहे का? की भानामती? निर्णय तुमचा, पाहत राहा!" आत मुख्याध्यापक योगीराज सर डोकं धरून बसले होते. सज्जन माणूस, पण सज्जन माणसाला धाक लवकर बसतो.

"धुरपदाबाई, माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर," ते म्हणाले. "पण सोमवारपर्यंत पोरं जेवायला लागली नाहीत तर दुसरी बाई बघावी लागेल. तुम्हीच रजा घ्या. प्रकरण निवलं की या."

"आन् दुसरी बाई मिळंपर्यंत लेकरांनी काय खायाचं, सर?"

सरांनी हजेरीपट पुढं ओढला. उत्तर शनिवारी सकाळी मिळालं. प्रार्थनेच्या रांगेत भक्ती उभीच्या उभी खाली कोसळली. बाईनं धावत जाऊन तिला उचललं. पोरीचं अंग पिसासारखं हलकं लागलं, पोट पाठीला गेलेलं. मंगळवारपासून एका भाकरीवर होती. पोरीनं डोळे उघडले, बाईचं तोंड बघितलं आणि भेदरून दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकले.

त्या क्षणी धुरपदाबाईचं भ्याव संपलं आणि राग सुरू झाला. असा राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता. ती मैदानात उभी राहिली आणि फाटकाशी जमलेल्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "ऐका समदे! सोमवारी दुपारी तिठ्यावर या. फोन घिऊन या, त्या बातमीवाल्यालाबी आणा. मी दृष्ट टाकणार आन् टाकून मागं वळणार. वळलेली बाई बघायचीय ना तुमाला? खरी बघा!"

६

आसारामनं लाख समजावलं. "धुरपदे, वळायचं नसतं. तुजी आय काय सांगून गेली?"

"आयनं सांगितलं ते टाकलेल्या दृष्टीचं," ती म्हणाली. "ही तर पाठ धरून हिंडायलीय. किती दिवस म्होरं बघून चालू? लेकरं उपाशी मरायलीत, अवं!"

"आन् वळल्यावर काय दिसलं तर?"

"दिसंल ते दिसंल. माझंच तोंड घिऊन हिंडायलीय ना? मंग तिनं मला भ्यावं."

सोमवारी तिनं त्रेसष्ट लेकरांची खिचडी शिजवली. बारांची नाही, त्रेसष्टांची. झाकण ठेवलं, त्यावर पाटा ठेवला आणि मूठभर मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन निघाली.

तिठ्यावर जत्रा लोटली होती. पेडगावची माणसं आली होती, बोरीहून दोघं मोटारसायकलवर आले होते. शाळेतली पोरंही मोठ्यांच्या पायांत घुसून उभी. बातमीवाला सगळ्यांत पुढं. गोपीचंद पार मागं, तोंड लपवून. लक्ष्मीबाईनं एका हातात भक्तीला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर राजेश्री बघत होती.

"एकदा ते फोन खाली करा," धुरपदाबाई म्हणाली. "नुसत्या डोळ्यांनी बघा माझ्याकडं."

एकानंही खाली केला नाही. शंभरेक हात वर, शंभरेक तोंडं काचेमागं.

"बरं," ती म्हणाली, "मंग तुमचीच काढते." तिनं त्या सगळ्या गर्दीवरून सात वेळा मूठ उतरवली आणि विस्तवात टाकली. मीठ तडतडलं. ठसका आला नाही. एवढ्या माणसांत एकालाही साधा खोकला आला नाही.

ती गावाकडं चालायला लागली. एक, दोन, तीन. मागं चिडीचूप. सात, आठ. नवव्या पावलाला ती थांबली. तिला वाटलं, पळावं. खरंच वाटलं. मग तिला भक्तीचे डोळ्यांवर ठेवलेले दोन हात आठवले आणि ती गर्रकन वळली.

गर्दी तिच्याकडं बघतच नव्हती. सगळ्यांचे डोळे आपापल्या काचेत.

आणि गर्दीच्या अन् तिच्या मधोमध, विस्तवापाशी, एक बाई पाठमोरी उभी होती. हिरवं लुगडं, खांद्यावर घट्ट ओढलेला पदर. तोंड गर्दीकडं. हातभरावर बातमीवाला होता, पण त्याचा डोळा काचेतून निघत नव्हता.

धुरपदाबाईनं स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती. इतकी थकलेली असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"ए बये," ती म्हणाली. आवाज घोगरा आला, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "ए! हिकडं बघ. लोकांला काय तोंड दावायलीस? मला दाव!"

पाठमोरी बाई वळायला लागली. आधी कान दिसला. मग गालाची कड. आणि गालाच्या कडेपलीकडं जे असायला पाहिजे होतं ते... धुरपदाबाईनं नजर काढली नाही. पाय जागचा हलवला नाही. उलट दोन पावलं पुढं गेली.

"माझी त्रेसष्ट लेकरं तुज्यापायी उपाशी हायत!" ती ओरडली. "तुला लाज वाटत न्हाई?"

ती बाई वळता वळता थांबली. मग दोघींत काही बोलणं झालं असावं. नुसत्या डोळ्यांनी जो कुणी बघत असेल, त्याला धुरपदाबाईचे ओठ हलताना दिसले असतील.

इतक्यात गर्दीत कुणीतरी किंचाळलं. मग दुसरं. मग सगळेच. शंभर फोनांवर एकच चित्र आलं होतं. त्यात धुरपदाबाई नव्हती, कुठलीच बाई नव्हती. विस्तवापाशी उभं राहून समोरून काढल्यासारखी ती गर्दीच होती. ओळीनं माणसं, हात वर, तोंडं उघडी, डोळ्यांत आशाळभूत चमक. कधी दिसतंय, कधी भ्यायला मिळतंय, असे चेहरे. आणि त्यांच्या पायांत, कुणाचं लक्ष नसलेली, गालफडं बसलेली लेकरं.

लक्ष्मीबाईच्या हातातून फडावरची राजेश्री हंबरडा फोडून ओरडली, "आत्या, ती माझी भक्ती हाय का? ती वाळलेली? आवं, काय झालं माझ्या लेकराला! खाऊ घाला तिला! कुणाच्याबी हातचं घाला, पर खाऊ घाला!"

७

तो व्हिडिओ कुणी पुढं पाठवला नाही. शंभर फोनांत होता, पण एकाचंही बोट उठलं नाही. त्यात ज्याचा तो दिसत होता ना! बातमीवाल्यानं तर तिथंच पुसून टाकला. पुसता पुसता, धंद्याची सवय, त्यानं धुरपदाबाईला गाठलंच.

"बाई, वळल्यावर तुम्हाला नेमकं काय दिसलं?"

"तुमी," धुरपदाबाई म्हणाली. "व्हा बाजूला. खिचडी गार व्हायलीय."

शाळेत तिनं पाटा बाजूला केला, झाकण काढलं. पहिलं ताट भक्तीचं आलं. ह्या वेळी पोरीनं ते छातीशी धरलं नाही, पुढं केलं. तिच्यामागं एक एक करत रांग लागली आणि हळूहळू गलकाही सुरू झाला. म्हाताऱ्या माणसांनी स्वतः पोरांना आणून उभं केलं. आसारामसुद्धा काठी टेकत फाटकापर्यंत आला होता, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. योगीराज सर दारात उभे होते. त्यांनी पाण्याचा पिंप भरायला घेतला.

भक्तीनं दोनदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाईच्या अगदी जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मी फोनात न्हाई बघितलं. आजीच्या हाताखालून बघितलं. ती तुमाला काय म्हणली?"

धुरपदाबाईचा डाव हातातच थांबला. तिनं पोरीकडं पाहिलं. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण ज्या लेकरानं नुसत्या डोळ्यांनी बघितलं त्याच्याशी खोटं काय बोलायचं?

"म्हणली, भूक लागलीय."

"मंग तुमी काय म्हणलात?"

"मी म्हणलं, आधी माझी लेकरं जेवतील. उरलं तर बघू."

भक्तीनं फाटकाकडं, तिठ्याच्या वाटेकडं पाहिलं. बाईनं पाहिलं नाही. तिनं पातेलं तिरपं केलं, तळाची खरवड डावानं निपटून काढली, एक शीतसुद्धा राहू दिलं नाही, आणि ती सगळी भक्तीच्या ताटात घातली.

"खा," ती म्हणाली.